सोडून दिलेल्या माशाचा हिशेब

२०१२ च्या मे महिन्यात आई आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांना मासेमारीचे वेड. एका शनिवारी पहाटे ते मला रॅरिटन बेवर घेऊन गेले आणि माझ्या गळाला आयुष्यातला पहिला स्ट्राइप्ड बास लागला. रुपेरी अंग, त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळे पट्टे, वजन सात-आठ पौंड तरी असेल. मनातल्या मनात मी रवा आणि कोकम काढून ठेवले होते. तेवढ्यात शेजाऱ्यांनी खिशातून टेप काढली. सत्तावीस इंच! कायद्याने अठ्ठावीस हवे होते. मासा परत पाण्यात गेला.

घरी आल्यावर आईला हे सांगितले, तर तिचा विश्वासच बसेना. उभा जन्म रत्नागिरीत गेलेला. ती म्हणाली, "अरे, एका इंचासाठी हातचा मासा सोडलास? कोण बघायला येणार होतं?"

मला उत्तर देता आले नाही. हा इंच ठरवला कोणी, आणि कोणी बघत नसताना माझे शेजारी तो पाळतात का, हे शोधायला लागलो आणि त्यातून एक मोठा इतिहासच हाती लागला. मंडळी, तोच आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

स्ट्राइप्ड बास (इकडचे लोक लाडाने 'स्ट्रायपर' म्हणतात, चेसापीककडे 'रॉकफिश') हा आपल्या हिलशासारखाच समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत शिरतो. अटलांटिक किनाऱ्यावरच्या या माशांपैकी बहुतेकांचे माहेर म्हणजे चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्या. त्याखालोखाल हडसन आणि डेलावेअर. या माशाची काळजी फार जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३९ सालीच बास आणि कॉड हे मासे शेतात खत म्हणून वापरायला बंदी घातली होती.

पुढची तीनशे वर्षे मासेमारीचे नियम हा सरकार आणि पोटासाठी मासे मारणारे यांच्यातला मामला राहिला. सोयीसाठी आपण पोटासाठी मारणाऱ्यांना 'जाळेवाले' म्हणू आणि हौसेने गळ टाकणाऱ्यांना 'गळवाले'. (जाळेवाल्यांतही काही जण गळच वापरतात, पण ते असो.) १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने काठ्या, रिळे यांच्यावरच्या १० टक्के कराचा पैसा मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांना मिळू लागला. म्हणजे गळवाले पैसे भरत होते. निर्णयाच्या टेबलावर त्यांना खुर्ची मात्र मिळायची होती.

ती वाट उघडली हडसन नदीच्या काठी. १९६२ साली कॉन एडिसन या वीज कंपनीने स्टॉर्म किंग डोंगरावर जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. रात्री नदीचे पाणी वर चढवायचे आणि दिवसा खाली सोडून वीज करायची. डोंगराचे सौंदर्य जाईल म्हणून बरेच लोक विरोधात उभे राहिले. रॉबर्ट बॉयल नावाचा 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड'चा एक लेखक होता, स्वतः पक्का गळवाला. त्याने जुने जीवशास्त्रीय अहवाल उकरून काढले आणि दाखवून दिले की स्ट्रायपर नेमके त्याच भागात अंडी घालतो. पंप सुरू झाले की अंडी आणि पिल्ले पाण्याबरोबर खेचली जाणार. १९६५ साली अपील न्यायालयाने प्रकल्पाचा परवाना रद्द केला आणि माशांचा प्रश्नही नव्याने तपासायला सांगितले. त्याच निकालात एक तत्त्व मान्य झाले: खिशाला तोशीस लागलेली नसली, तरी निसर्गाशी नाते असलेल्या नागरिकांना कोर्टात उभे राहता येते. १९६६ साली बॉयल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हडसन रिव्हर फिशरमेन्स असोसिएशन काढली. १९८० च्या तडजोडीत कंपनीने स्टॉर्म किंगचा नाद सोडला.

एवढ्यात खरे संकट दक्षिणेला चेसापीकमध्ये सुरू झाले होते. १९७३ साली किनाऱ्यावर सुमारे दीड कोटी पौंड स्ट्रायपर बाजारासाठी पकडला गेला. दहा वर्षांत तो आकडा सुमारे ३५ लाख पौंडांवर आला. प्रदूषण, आम्लपर्जन्य, बेसुमार मासेमारी अशी कारणे पुढे आली आणि प्रत्येकाने आपल्या सोयीचे कारण उचलले. गळवाले म्हणत जाळ्यांनी संपवला, जाळेवाले म्हणत या शनिवार-रविवारवाल्यांची गणतीच नाही. (हे दुसरे वाक्य लक्षात ठेवा.)

अडचण अशी की मासा मेनपासून नॉर्थ कॅरोलायनापर्यंत फिरतो आणि कायदे प्रत्येक राज्याचे वेगळे. राज्यांनी मिळून १९४२ साली अटलांटिक स्टेट्स मरीन फिशरीज कमिशन स्थापन केले होते, पण त्याने फक्त सल्ला द्यायचा. गळवाल्यांच्या संघटनांनी काँग्रेसकडे धरणे धरले. ऱ्होड आयलंडचे सिनेटर जॉन चेफी यांनी १९७९ साली या माशाच्या तातडीच्या अभ्यासाची तरतूद करून घेतली. १९८४ साली मॅसॅच्युसेट्सचे काँग्रेसमन गेरी स्टड्स यांच्या पुढाकाराने कायदा झाला की जे राज्य कमिशनची योजना पाळणार नाही, तिथे केंद्र सरकार या माशाची मासेमारीच बंद करू शकेल. सल्ल्याला दात आले.

१ जानेवारी १९८५ पासून मेरीलँडने संपूर्ण बंदी घातली, गळ आणि जाळे दोन्हींवर. डेलावेअरनेही तेच केले. व्हर्जिनिया १९८९ मध्ये आले. कमिशनने ठरवले की १९८२ साली जन्मलेली पिढी सांभाळायची, तिच्यातल्या ९५ टक्के माद्यांनी निदान एकदा अंडी घालेपर्यंत. ती पिढी वाढेल तशी किमान लांबीही वाढवत न्यायची. या काळात गळवाल्यांचा शनिवार बुडाला, जाळेवाल्यांची चूल. हा फरक गळवाल्यांच्या विजयकथांमध्ये फारसा दिसत नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

बंदी उठवायची कधी? याचे उत्तर मला इंजिनीयर म्हणून फार आवडले. मेरीलँडचा मत्स्यविभाग १९५४ पासून दर उन्हाळ्यात चेसापीकच्या काठांवर लहानशी रापण ओढतो. होय, आपल्या कोकणातली रापणच, फक्त शंभर फुटांची. २२ ठरलेल्या जागा, तीन महिन्यांत तीन फेऱ्या, दर वेळी दोनदा ओढायची. एकूण १३२ ओढींमध्ये त्या वर्षीची पिल्ले दर ओढीला सरासरी किती, हा झाला निर्देशांक. तीन वर्षांची सरासरी ८ च्या वर गेली की बंदी शिथिल करायची असे ठरले होते. १९८९ साली निर्देशांक एकदम २५.२ आला आणि आधीची दोन वर्षे सुमार असूनही सरासरी ८ ओलांडून गेली. एका वर्षाच्या भरवशावर दार उघडू नका, असे म्हणणारे गळवालेच होते. तरी १९९० साली मासेमारी मर्यादित प्रमाणात सुरू झाली आणि १ जानेवारी १९९५ रोजी स्ट्रायपर पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षीच्या योजनेत समुद्रकिनाऱ्यासाठी किमान लांबी ठरली २८ इंच. आईने विचारलेला इंच तो हा!

गोष्ट इथे संपली असती तर सुखान्त होता. १९९१ साली न्यू जर्सीने हा मासा विकायलाच बंदी केली. २००७ साली राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या आदेशाने केंद्राच्या हद्दीतल्या समुद्रातही त्याची विक्रीसाठी मासेमारी नको असे धोरण झाले. गळवाल्यांना वाटले, आता मासा आपला.

पण मग मोजणी आली. बाजारात जाणारा मासा तराजूवर चढतो. लाखो गळवाल्यांनी काय पकडले ते कोण मोजणार? १९७९ पासून सरकार घरोघरी फोन करून आणि धक्क्यांवर माणसे उभी करून अंदाज बांधत असे. २००६ साली नॅशनल रिसर्च कौन्सिलने ही पद्धत सदोष ठरवली. त्यानंतर गळवाल्यांची नोंदवही आली, फोनच्या जागी टपालाने पाठवायची प्रश्नावली आली, आणि २०१८ साली जुने आकडे नव्या पद्धतीने मांडल्यावर दिसले की लोक समजत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा मासेमारीला जातात. नव्या आकड्यांवरून निष्कर्ष निघाला की स्ट्रायपर पुन्हा धोक्याच्या रेषेखाली गेला आहे. २०१७ साली माणसाच्या हातून मेलेल्या स्ट्रायपरपैकी सुमारे ९० टक्के गळवाल्यांच्या खात्यावर होते.

त्यातला चटका लावणारा भाग पुढेच आहे. सोडून दिलेल्या माशांपैकी ९ टक्के नंतर मरतात असे शास्त्रज्ञ धरतात. गळ खोल रुततो, पाणी गरम असते, फोटो काढायला वेळ लागतो. गळवाले पकडलेल्यांपैकी बहुतेक मासे मोठ्या अभिमानाने सोडतात. आणि म्हणूनच २०१७ साली त्यांनी घरी नेलेल्या माशांपेक्षा सोडून मेलेले मासे जास्त होते.

आकड्यांवर शंका घेणारेही आहेत आणि ती अगदीच फोल नाही. २०२३ साली सरकारच्याच एका चाचणीत प्रश्नावलीतला प्रश्नांचा क्रम बदलला, तर अंदाज ३० ते ४० टक्क्यांनी उतरले. सॉफ्टवेअरमध्ये आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला याचे नवल वाटले नाही. पण रापणीला कोणी प्रश्न विचारत नाही. चेसापीकचा निर्देशांक २०२३ साली १.० होता, जेव्हा दीर्घकालीन सरासरी ११ च्या आसपास आहे.

२०२२ साली गळवाल्यांनी ठेवलेला मासा आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट झाला, म्हणून मे २०२३ मध्ये कमिशनने तातडीने ३१ इंचांपेक्षा मोठा मासा ठेवायलाही मनाई केली. त्या हिवाळ्यात पुढच्या नियमांवर जाहीर सुनावण्या झाल्या. शेजाऱ्यांनी मला बरोबर नेले. हॉलमध्ये घड्या घालायच्या खुर्च्या, कॉफीचा थर्मास, अगदी आपल्या मंडळाच्या सर्वसाधारण सभेसारखे वातावरण. कोणी सीलना दोष दिला, कोणी शेजारच्या राज्याला, कोणी सरकारी गणिताला. मग आमचे शेजारी उठले. म्हणाले, "मी आजवर पाच हजार तरी मासे सोडले असतील. म्हणजे साडेचारशे मी मारले. आधी मला आवरा, मग इतरांकडे बघू." सभागृह थोडा वेळ शांत राहिले.

त्या शांततेत मला हा सगळा इतिहास कळल्यासारखे वाटले. गळवाल्यांनी वीस-तीस वर्षे भांडून टेबलावर खुर्ची मिळवली. कमिशनवर प्रत्येक राज्याचे तीन प्रतिनिधी असतात: मत्स्यविभागाचा अधिकारी, एक आमदार आणि गव्हर्नरने नेमलेला एक नागरिक. या शेवटच्या खुर्चीवर गळवाले बसलेले आहेत. पण निर्णयात वाटा मागितला की हिशेबातही नाव लागते. दुसऱ्याच्या जाळ्याविरुद्ध बोलणे सोपे असते. स्वतःच्या गळाविरुद्ध बोलायला उभा राहिलेला माणूस मी त्या दिवशी प्रथमच पाहिला.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांसाठी. हॉलच्या दारातल्या वहीत नाव-गाव विचारले होते, नागरिकत्व विचारले नव्हते. आपल्यातले कित्येक जण ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे थांबतात आणि 'आपल्याला कुठे मत आहे' म्हणून सगळ्यापासून अंग काढून घेतात. मत देता येत नसले तरी मत मांडता येते, हे मला मासेमारीमुळे समजले. मी दोन ओळींचे लेखी निवेदन दिले.

रात्री आईला फोनवर हे सांगितले. अकरा वर्षांपूर्वीचा मासा तिला आठवत होता. ऐकून म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडची नारळी पौर्णिमाच म्हण की. तोपर्यंत होडी घालायची नाही, मासे अंड्यावर असतात. हे तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी कशाला बोलले असते?"