सव्वीस लाखांचा मुलूख

२५ ऑक्टोबर १८०२. त्या वर्षीची दिवाळी पुणेकरांनी तोफांच्या आवाजात काढली. हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, दुसरे बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरले आणि तेथून इंग्रजांच्या आश्रयाने वसईस गेले. ३१ डिसेंबरला तह झाला. त्यातली फौजेची कलमे सर्वांना ठाऊक असतात. आमच्या मुळशीकडच्या माणसाची नजर मात्र आधी पैशाच्या कलमावर जाते.

कंपनीचे सहा हजार पायदळ कायमचे गळ्यात पडले आणि त्याच्या खर्चापोटी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यावा लागला. रोख ठरली असती तर ती थकली असती, तगादे लागले असते. हुशार सावकार पिकावर विसंबत नाही, शेतच लिहून घेतो, तसेच हे! याहून जाचक कलम पुढे होते. निजाम व गायकवाड यांच्याकडील येण्याचा निवाडा कंपनीने करावयाचा. येणे पेशव्यांचे, किल्ली कंपनीकडे.

कर्ज काही या बाजीरावांनीच आणले नव्हते. थोरले बाजीराव मैदाने गाजवीत होते तेव्हाही देणेकऱ्यांनी त्यांना बेजार केले होते. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत ती व्यथा आहे. पण ते सावकार घरचे. घरचा सावकार फार तर दाराशी धरणे धरून बसेल, राज्याची फौज काही तो ठरवीत नाही.

बडोद्याचा प्रकार तर पाहण्यासारखा आहे. गायकवाडांच्या अरब शिबंदीचे पगार तुंबले होते आणि दरबारच्या देण्याघेण्याला जामीनही हेच अरब! या हमीला तिकडे 'बहांदरी' म्हणत. कंपनीने काही रक्कम स्वतः दिली, काही सावकारांकडून आपल्या हमीवर उभी केली आणि अरबांना वाटेला लावले. बहांदरी इंग्रजांकडे आली, आणि रेसिडेंट मेजर वॉकर दरबारचा जमाखर्च पाहू लागले. (पुढे १८८१ साली इस्तंबूलला सुलतानाच्या धनकोंचे मंडळ बसले आणि मीठ-तंबाखूचे उत्पन्न परस्पर वसूल करू लागले. युक्ती तीच.)

पेशवे-गायकवाडांचा हिशेब मिटवायला गंगाधरशास्त्री पटवर्धन कंपनीच्या हमीवर पुण्यास आले. २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरास त्यांचा खून झाला. त्याचे पर्यवसान १३ जून १८१७ च्या तहात झाले: गायकवाडांवरचे सारे जुने हक्क सालीना चार लाखांवर तुटले, आणि पेशव्यांचा आणखी चौतीस लाखांचा मुलूख गेला.

युद्ध त्यानंतर आले. १४ मार्च १८१८ रोजी आमच्या डोंगरांतला कोराईगड कर्नल प्रॉथरच्या हाती पडला. दारूकोठारच पेटल्यावर शिबंदी तरी काय करणार?

राज्य बदलले, पण मावळातला सावकार तसाच राहिला. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा पेट्यातल्या कितीतरी जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावे लागलेल्या होत्या. सेनापती बापटांबरोबर तुरुंगात जाणारे मावळे त्या जमिनी कसत होते; मोबदल्याची बोलणी सावकारांनी केली.