जुन्या कॅम्पर व्हॅनचे हस्तरंगकाम

जुन्या कॅम्पर व्हॅनचे हस्तरंगकाम म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या जुन्या मोटारगाडीला फवारणी यंत्र न वापरता, ब्रश व रोलर यांच्या साहाय्याने, घरच्या घरी नवा रंग देणे होय. ही पद्धत विशेषतः ब्रिटनमधील हौशी गाडीमालकांत रूढ आहे. या लेखात फोक्सवॅगन कंपनीच्या 'टाइप २' या गाडीचे उदाहरण मुख्यत्वे घेतले आहे. रंगकाम हे केवळ शोभेचे काम समजले जाते. परंतु या गाडीच्या बाबतीत ते बव्हंशी गंजाशी दिलेला लढा असते आणि त्यातील यशापयशावर गाडीचे आयुष्य अवलंबून असते.

== पार्श्वभूमी ==

मोटारगाड्यांच्या आरंभकाळी सर्वच गाड्या हाताने रंगवल्या जात. घोडागाड्या रंगवणारे कारागीरच हे काम करीत. तेलरंग व वॉर्निश यांचे अनेक हात, प्रत्येक हातानंतर वाळवणे व घासणे असा हा क्रम असे आणि त्यात काही आठवडे सहज जात. (मराठीत रंगाच्या एका थराला 'हात' म्हणतात, तो शब्द या कारागिरीला नेमका शोभतो.) १९२३ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीचा 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोजवर आधारित रंग मोटारींसाठी वापरात आला. तो इतका झपाट्याने वाळे की ब्रशने देणे जवळजवळ अशक्य होते; म्हणून फवारणी रूढ झाली आणि कारखान्यांतून ब्रश मागे पडला. व्यापारी गाड्या आणि इंग्लंडच्या कालव्यांतील अरुंद नावा यांवर मात्र हस्तरंगकाम टिकून राहिले. आजचे कॅम्पर व्हॅनचे मालक 'कोच इनॅमल' या नावाने जो रंग वापरतात, तो याच परंपरेतला.

टाइप २ गाडीचे उत्पादन १९५० मध्ये जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथे सुरू झाले व १९५६ मध्ये ते हॅनोव्हरला हलवण्यात आले. तिची पहिली पिढी १९६७ पर्यंत आणि दुसरी १९७९ पर्यंत जर्मनीत तयार होत होती. ब्राझीलमध्ये तर दुसऱ्या पिढीचे उत्पादन २०१३ पर्यंत चालले. वेस्टफालिया ही जर्मन संस्था १९५१ पासून या गाडीत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय बसवू लागली. १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवातील बॉब हायरोनिमस यांनी रंगवलेली 'लाइट' ही गाडी याच जातीची होती. हाताने रंगवलेली व्हॅन हे त्या पिढीचे जणू प्रतीक झाले, त्यात अशा गाड्यांचा वाटा मोठा आहे.

== गंज ==

या गाडीला ट्रकसारखा स्वतंत्र सांगाडा नाही. पत्र्याची पेटी, तळाचे आडवे-उभे पट्टे आणि दारांखालचे पोकळ उंबरठे मिळूनच सारा भार पेलतात. त्या काळच्या पत्र्यावर जस्ताचा लेप नसे. त्यामुळे उंबरठे, चाकांच्या कमानी, पुढच्या काचेची खालची कड आणि छताभोवतीची पन्हळ या ठिकाणी गंज हटकून आढळतो. पन्हळीत साचलेले पाणी सांध्यातून आत शिरते. खिडकीच्या रबराखालीही तेच घडते. वरून रंग शाबूत दिसत असता आतून पत्रा कागदासारखा पातळ झालेला असू शकतो.

म्हणून रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एक साधे लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरावे. जेथे ते चिकटत नाही तेथे पूर्वीच्या मालकाने लांबी भरून भोक बुजवले आहे असे समजावे. लांबी पाणी शोषून घेते, त्यामुळे तिच्यामागचा गंज वाढतच जातो. असा भाग कापून तेथे नवा पत्रा जोडणे हाच उपाय असून ते वेल्डिंगचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या व मूळ रूपात फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तांत्रिक तपासणीतून सूट मिळाली आहे. ही सूट सोयीची असली तरी कुजलेल्या उंबरठ्यावर रंग चढवून गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला अडवणारी वार्षिक तपासणी आता उरलेली नाही, ही तिची दुसरी बाजू होय.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने व जाड पॉलिश पेपरने उजळ धातूपर्यंत घासतात. खळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले असता त्याचे स्थिर फॉस्फेट बनते. उघडा पत्रा त्याच दिवशी अस्तराखाली गेला पाहिजे. दमट हवेत एका रात्रीतही त्यावर तांबूस छटा येते.

== रंगाची निवड ==

व्यावसायिक कार्यशाळेत वापरले जाणारे द्विघटकी पॉलियुरेथेन रंग टिकाऊ व चकचकीत असतात, परंतु त्यांच्या कठिणकारकात आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. ब्रिटनमध्ये व्यवसायजन्य दम्याच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होते. कोळशाची गाळणी असलेला साधा मुखवटा त्यापुढे पुरेसा मानला जात नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. घरच्या गॅरेजमध्ये ही व्यवस्था नसते. हस्तरंगकामाचा खरा आधार येथे आहे: हळू वाळणारा, एकघटकी अल्किड इनॅमल ब्रशने देता येतो आणि त्याचा तुषार उडत नाही.

जुन्या रंगाची जात ओळखण्यासाठी थिनरमध्ये भिजवलेला बोळा त्यावर घासून पाहतात. रंग विरघळून बोळ्यावर आला तर तो सेल्युलोज किंवा तत्सम जातीचा असतो. अशा रंगावर इनॅमल बसतो. उलट इनॅमलवर सेल्युलोज दिल्यास तीव्र थिनरमुळे खालचा थर सुरकुततो.

गाडीचे बाह्य क्षेत्रफळ खिडक्या वगळून साधारण २० ते २५ चौरस मीटर भरते. एका लिटरमध्ये १० ते १२ चौरस मीटर रंगतात, म्हणजे एका हाताला सुमारे दोन लिटर रंग पुरतो. वरचा भाग पांढरा व खालचा गडद अशी दुरंगी योजना या गाडीला शोभते. शिवाय पत्र्यावरील नैसर्गिक घडीवर दोन रंगांचा सांधा येत असल्याने नवशिक्याची चूकही तेथे झाकली जाते.

== पूर्वतयारी ==

एकूण श्रमांचा बहुतांश भाग येथेच खर्ची पडतो. सर्वप्रथम गाडी धुऊन तिच्यावरील मेण व सिलिकॉन पॉलिश उतरवावे लागते. हे घासण्याआधीच केले पाहिजे, नाहीतर सिलिकॉन ओरखड्यांत शिरते आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. दिवे, आरसे, मूठ व बंपर काढून ठेवावेत. खिडक्याही शक्यतो काढाव्यात. रबरालगत चिकटपट्टी लावून रंगवणे सोपे वाटते, परंतु गंज नेमका त्या रबराखाली असतो. काच परत बसवताना रबराच्या खाचेत दोरी घालून ती आतून ओढत न्यावी, म्हणजे कड आपोआप जागेवर बसते.

उघडणारे छत बहुधा फायबरग्लासचे असते. त्यावर रंग काढणारे रसायन कधीही लावू नये, वरचा गुळगुळीत थर त्याने खराब होतो.

घासण्यासाठी पत्रा उघडा करताना ८० क्रमांकाचा, लांबी सपाट करताना १८० ते २४०, अस्तरानंतर ४०० आणि रंगाच्या दोन हातांमध्ये ६०० क्रमांकाचा कागद वापरला जातो. जुन्या पिवळ्या, नारिंगी व तांबड्या रंगांत शिशाचे क्रोमेट असण्याचा संभव असल्याने कोरडे घासणे धोक्याचे आहे. पाण्याचा कागद वापरावा, धूळरोधक मुखवटा लावावा, घरातील लहान मुलांना दूर ठेवावे आणि ते कपडे वेगळे धुवावेत. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी किंवा जस्तयुक्त अस्तर देतात. पत्र्यांचे सांधे सीलंटने बंद करायचे ते अस्तरानंतर व रंगापूर्वी.

== रंग देणे ==

हवा कोरडी, वारा मंद आणि तापमान १० ते २५ अंश सेल्सिअस असलेला दिवस निवडावा. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी अधिक असावे. संध्याकाळी उघड्यावर रंगवलेली गाडी सकाळी दवामुळे निस्तेज झालेली आढळते. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवण्याची युक्ती जुनी असली तरी उपयोगी आहे.

रंगात पाच ते दहा टक्के व्हाइट स्पिरिट मिसळतात. फोमच्या लहान रोलरने रंग पातळ पसरवून लगेच मऊ, रुंद ब्रशचे केवळ टोक एकाच दिशेने त्यावरून फिरवतात. रोलर रंग समप्रमाणात पोहोचवतो आणि ब्रश त्याचे बुडबुडे फोडतो. छतापासून सुरुवात करून खाली यावे व एका वेळी एकच पत्रा पूर्ण करावा. सारे कौशल्य 'ओली कड' राखण्यात आहे: लगतचा पट्टा सुकण्यापूर्वी पुढचा त्याला भिडला नाही तर सांधा कायम दिसतो. सुकू लागलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवण्याचा मोह आवरावा. ओघळ किंवा अडकलेली माशी दुसऱ्या दिवशी घासून काढता येते. जाड हात देऊन काम लवकर आटोपत नाही, उलट ओघळ येतात आणि थर आतून ओला राहतो. तीन ते चार पातळ हात द्यावेत व दोहोंमधील अंतर डब्यावरील सूचनेप्रमाणे ठेवावे.

इनॅमल भिजलेले बोळे चुरगळून टाकल्यास ऑक्सिडीकरणाच्या उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतात. ते पसरून वाळवावेत अथवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

== नोंद व मूळ रंग ==

रंग बदलल्यास ब्रिटनमध्ये नोंदणीपत्रात तशी दुरुस्ती करून घ्यावी लागते. भारतातही नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचा रंग लिहिलेला असतो. संग्राहकांच्या दृष्टीने मूळ रंगाला महत्त्व असते. टाइप २ मध्ये बसवलेल्या लहान धातूच्या पट्टीवरील संकेतांकांवरून तो शोधता येतो. ज्या गाडीवर कारखान्यातला मूळ रंग बऱ्यापैकी टिकून आहे तिला नव्याने रंगवणे, प्रस्तुत लेखाच्या मते, टाळावे. तेथे पॉलिश पुरेसे असते.

भारतात ट्रकच्या लाकडी व पत्र्याच्या बांधणीवर सिंथेटिक इनॅमलने ब्रशकाम करण्याची परंपरा आहे. १९६० व १९७० च्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण व अफगाणिस्तानमार्गे गोव्यापर्यंत आलेल्या प्रवाशांच्या वाहनांतही या व्हॅन असत. १९७९ मधील इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांनंतर तो खुष्कीचा मार्ग बंद पडला.

== देखभाल ==

अल्किड इनॅमल स्पर्शाला एका दिवसात कोरडा वाटला तरी पूर्ण कठीण होण्यास काही आठवडे लागतात. तोवर मेण लावू नये आणि दाबाच्या पाण्याने गाडी धुऊ नये. पुढे दरवर्षी पन्हळ साफ करावी व उंबरठ्यांच्या पोकळीत मेणयुक्त संरक्षक द्रव सोडावा. उरलेला रंग झाकण घट्ट लावून जपून ठेवल्यास दगड उडून पडलेला टवका त्याच ब्रशने भरता येतो.