"अरे, सगळं डीमध्येच होतं ना!"

हेडफोन लावलेत ना? आज थोडं मागे जाऊ.

फोनमध्ये ॲप टाकताना 'कुठे ठेवू?' असं सहसा कोणी विचारत नाही. कॉम्प्युटर मात्र हे वर्षानुवर्षं विचारत आलाय. इन्स्टॉल करताना एक खिडकी यायची, त्यात 'सी, प्रोग्राम फाइल्स' असा पत्ता आणि शेजारी 'ब्राउझ'चं बटण. आपण न वाचताच 'नेक्स्ट' दाबायचो.

माझे काका वाचायचे. त्यांचं डीटीपीचं दुकान होतं, लग्नपत्रिकांचं काम. 'सी भरला की मशीन रडतं, व्हायरस आला की सीच उडतो' हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं. म्हणून मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि पत्रिकांच्या फाइली, सगळं डी ड्राइव्हमध्ये. ऐन लग्नसराईत विंडोज ९८ बसली. मेकॅनिकने सी फॉरमॅट केला, विंडोज नव्याने टाकली. डी शाबूत होता. पण पत्रिका उघडली तर 'श्री गणेश प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कसल्या तरी खुणा! आणि सॉफ्टवेअर तर सुरूच होईना. काका सारखे म्हणत होते, "अरे, सगळं डीमध्येच होतं ना!"

नव्हतं. का, ते कळायला सी ड्राइव्ह मुळात आला कुठून ते बघावं लागेल.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्यात हार्ड डिस्कच नव्हती. एक किंवा दोन फ्लॉपी ड्राइव्ह, ए आणि बी. इन्स्टॉल वगैरे भानगडच नाही. फ्लॉपी घाला, प्रोग्रॅम चालवा, फ्लॉपी काढा. सॉफ्टवेअर खिशात घेऊन फिरायचं. १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क. ए, बी आधीच घेतलेले, म्हणून हिला पुढचं अक्षर, सी. (१० एमबी म्हणजे आजचे फोनमधले दोन-चार फोटो!) त्याच्यासोबत आलेल्या डॉस २.० मध्ये फोल्डरही आले, आणि 'कुठे ठेवू?' हा प्रश्न जन्माला आला.

मग ऑफिसात आणि कॉलेजांत नेटवर्क आलं. नॉव्हेलचं नेटवेअर तेव्हा जोरात होतं. डॉस स्वतःसाठी ईपर्यंतची अक्षरं धरून ठेवायचा, म्हणून सर्व्हरचा ड्राइव्ह बहुतेक ठिकाणी एफ. सॉफ्टवेअर एकदाच सर्व्हरवर टाकायचं आणि सगळ्यांनी तिथून चालवायचं. काही लॅबमध्ये तर विद्यार्थ्यांच्या मशीनला डिस्कच नसायची. अपडेट एकाच जागी, हे फार सोयीचं. सर्व्हर झोपला की अख्खी लॅब हातावर हात ठेवून, हेही तितकंच खरं. आणि तिथे तुम्हाला फक्त वाचायचा अधिकार. काही टाकायचं तर ॲडमिन साहेबांना विचारा. जागेचा प्रश्न इथे पहिल्यांदा परवानगीचा झाला.

घरच्या मशीनवर अशी बंधनं नव्हती. विंडोज ९५ ने 'प्रोग्राम फाइल्स' हे फोल्डर दिलं खरं, पण प्रोग्रॅम एका फोल्डरात मावेनासा झाला होता. मुख्य फाइली तुम्ही सांगाल तिथे, पण सामायिक डीएलएल विंडोजच्या सिस्टम फोल्डरात, फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट फोल्डरात, आणि सगळ्याची नोंद रजिस्ट्रीत. हे सगळं सीमध्ये. 'ब्राउझ' दाबून तुम्ही निवडायचात ती फक्त घराची ओसरी. काकांच्या पत्रिकेतला मजकूर डीवर तस्साच होता, पण युनिकोडच्या आधीचे ते मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर देवनागरी आकार बसवायचे. फॉन्ट गेला आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली.

पुढे २००७ मध्ये व्हिस्टा आली, ती प्रत्येक इन्स्टॉलला परवानगी मागू लागली. लोक वैतागले. जुने प्रोग्रॅम प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला गेले, तर विंडोज गुपचूप त्या फाइली युजरच्या फोल्डरात वळवायची! आणि २००८ मध्ये गूगल क्रोमने वेगळीच वाट काढली: थेट युजरच्याच फोल्डरात इन्स्टॉल. ॲडमिनचा पासवर्ड लागतच नाही. ऑफिसातल्या पोरांची चंगळ, आयटीवाल्यांचं डोकं गरम. मला विचाराल तर त्या दिवशी एफ ड्राइव्हचा थोडा सूड उगवला गेला.

फोनवरही हा प्रश्न डोकावून गेला बरं का. २०१० च्या अँड्रॉइड २.२ मध्ये ॲप एसडी कार्डवर हलवता यायचं. कार्ड काढलं की ॲप गायब. काकांना ओळखीचं वाटलं असतं.

त्यांची सॉफ्टवेअरची सीडी दोन दिवसांनी सापडली, नमुन्याच्या पत्रिकांच्या गठ्ठ्यात. फॉन्ट परत बसले, गणपती प्रसन्न झाला. तोवर तीन गिऱ्हाइकं बाजारपेठेतल्या दुसऱ्या दुकानात गेली होती.

पुढच्या भागात याच फॉन्टांची गोष्ट. भेटू!