डीएनएची प्रत काढायला पेशीपटल सांगते का?

पेशी शिकवताना आपण फळ्यावर आधी एक वर्तुळ काढतो आणि मग आतले तपशील भरतो. ते वर्तुळ म्हणजे पेशीपटल. 'त्याचे काम काय?' असे विचारले, की मुले सांगतात : आतले आत ठेवणे आणि निवडक पदार्थांना ये-जा करू देणे. उत्तर बरोबर आहे. पण हे कुंपण घरातल्या कारभारातही लक्ष घालते का? पेशीने डीएनएची प्रत केव्हा काढायला घ्यावी, हे ठरवण्यात त्याचा काही वाटा असतो का? या प्रश्नामागे साठ वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू घेऊ. त्याच्या डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख जोड्या असतात आणि त्या सगळ्यांची प्रत काढायला साधारण ४० मिनिटे लागतात. तरीही भरपूर अन्न मिळाले तर हा जीवाणू दर २० मिनिटांनी दुभंगतो. हे कसे जमते? पहिली प्रत पूर्ण होण्याआधीच तो दुसरी काढायला घेतो. म्हणजे प्रत काढण्याचा वेग फारसा बदलत नाही, ती सुरू केव्हा करायची हे बदलते. नियंत्रणाची खरी जागा आरंभाची आहे.

१९६३ साली फ्रान्स्वा जाकोब, सिडनी ब्रेनर आणि फ्रान्स्वा क्युझँ यांनी याविषयी एक कल्पना मांडली. डीएनएवर आरंभाची एक ठरावीक जागा असावी आणि एखादे 'आरंभक' प्रथिन तेथे काम सुरू करत असावे. याशिवाय डीएनए पेशीपटलाला जोडलेला असावा आणि पटल वाढले की दोन्ही प्रती आपोआप दूर सरकत असाव्यात, असेही त्यांनी सुचवले. आरंभाची जागा आणि आरंभक प्रथिन दोन्ही पुढे सापडले. पटलाचा भाग मात्र बराच काळ तर्कच राहिला.

तो तपासण्याची संधी आली ती आर्थर कोर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत. डीएनए बनवणारे विकर शोधल्याबद्दल त्यांना १९५९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. पेशी फोडायची, एकेक घटक शुद्ध करायचा आणि परीक्षानळीत पुन्हा एकत्र आणून काम होते का ते पाहायचे, ही त्यांची पद्धत. १९८१ मध्ये स्टॅनफर्ड येथे त्यांच्या गटाने ई. कोलायच्या आरंभस्थळापासून डीएनएची प्रत परीक्षानळीत सुरू करून दाखवली. हे आरंभस्थळ अवघ्या २४५ जोड्यांचे आहे. तेथे बसणाऱ्या आरंभकाचे नाव 'डीएनए-ए प्रथिन'.

१९८७ मध्ये या आरंभकाचा स्वभाव कळला. त्याच्याशी एटीपीचा रेणू जोडलेला असेल, तर तो आरंभस्थळी डीएनएचे दोन धागे उलगडतो. एटीपीचा एडीपी झाला, की तो निष्क्रिय होतो. एडीपी त्याला इतका घट्ट चिकटतो, की भोवती एटीपी भरपूर असला तरी अदलाबदल फार हळू होते. मग पुढच्या फेरीसाठी आरंभक ताजातवाना कसा होतो?

१९८८ मध्ये काझुहिसा सेकिमिझू आणि कोर्नबर्ग यांनी एक अनपेक्षित उत्तर दिले. कार्डिओलिपिन मिसळले, की आरंभक एडीपी चटकन सोडतो आणि एटीपी घेऊन पुन्हा कामाला लागतो. कार्डिओलिपिन हे नाव हृदयावरून पडले आहे. १९४२ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी ते बैलाच्या हृदयातून वेगळे केले होते, आणि उपदंशासाठी होणाऱ्या 'व्हीडीआरएल' या रक्तचाचणीत ते वापरले जाते. हेच मेद जीवाणूच्या पटलातही असते. पटलात सर्वांत जास्त असणारे उदासीन फॉस्फोलिपिड मात्र येथे उपयोगी पडेना. मेद आम्लधर्मी हवे आणि पटल प्रवाही हवे, अशा दोन अटी दिसल्या.

परीक्षानळीत घडते ते पेशीत घडतेच असे नाही. १९९५ मध्ये शिया आणि विल्यम डाउहन यांनी जिवंत जीवाणूंनाच विचारले. आम्लधर्मी फॉस्फोलिपिडे फार कमी केली, की जीवाणूंची वाढ थांबते. त्यांनी अशा जीवाणूंत आणखी एक उत्परिवर्तन आणले. त्यामुळे डीएनएची प्रत नेहमीचे आरंभस्थळ व आरंभक यांना वगळून इतर ठिकाणांहून सुरू होऊ शकते. जीवाणू पुन्हा वाढू लागले! याचा अर्थ, मेदाच्या अभावी अडत होते ते आरंभापाशीच. २००१ मध्ये आणखी पुरावा मिळाला : आरंभक प्रथिनात योग्य बदल केला तरी थांबलेली वाढ सुरू होते.

येथे गोष्ट संपली असती, तर ती फार नीटनेटकी झाली असती. पण २००० साली जपानी संशोधकांनी दाखवले, की एक विशिष्ट लिपोप्रथिन काढून टाकले तर ई. कोलाय कार्डिओलिपिन व फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल ही दोन्ही आम्लधर्मी फॉस्फोलिपिडे जवळजवळ नसतानाही जगतो. म्हणजे वाढ थांबण्यामागे हे लिपोप्रथिनही होते. अशा पेशींत फॉस्फॅटिडिक आम्ल हे दुसरे आम्लधर्मी मेद साचते. ते उणीव भरून काढत असेल, असा युक्तिवाद करता येतो. पुढे २००९ मध्ये त्सुतोमु काटायामा यांच्या गटाने खुद्द डीएनएवरच अशा दोन जागा दाखवल्या, ज्या आरंभकाकडील एडीपी सोडवून एटीपी बसवण्यास मदत करतात. एकाच कामाला पेशीत एकापेक्षा अधिक वाटा आहेत.

तेव्हा पटल आरंभकाला ताजे करू शकते, हे पक्के आहे. निरोगी पेशीत रोज ते किती प्रमाणात करते, यावर वाद आहे. वर्गात पेशीचे वर्तुळ काढाल तेव्हा मुलांना एवढेच विचारा : एखादी गोष्ट घडू शकते हे दाखवणारा प्रयोग कोणता, आणि ती खरोखर घडते हे दाखवणारा कोणता? वरच्या सनावळीतले प्रयोग त्यांना या दोन रकान्यांत मांडायला सांगा. एखाद्या प्रयोगाच्या जागेवरून वर्गात वाद झाला, तर तो थांबवू नका. संशोधकांचा वादही त्याच जागी आहे.