चौकटीत न सापडणारा ढग

हवामानाच्या जागतिक मॉडेलमध्ये ढग शोधायला गेलं तर तो बहुधा सापडतच नाही. संगणक सगळ्या वातावरणाची चौकोनी घरं पाडतो आणि एकेका घराला तापमान, बाष्प, वारा यांचा एकेकच आकडा देतो. हवामानबदलाच्या अभ्यासात असं घर आजही साधारण शंभर किलोमीटर रुंद असतं. वळवाचा गडगडणारा ढग जेमतेम पाच-दहा किलोमीटरचा. तरी त्याला वगळून चालत नाही, कारण उष्ण कटिबंधात खालची उष्णता आणि बाष्प वर पोहोचवण्याचं काम मुख्यतः त्याचंच. ढग दाखवता येत नाही, पण त्याची करणी तर धरायलाच हवी. या पेचातून जी युक्ती निघाली तिला पॅरामीटरायझेशन म्हणतात.

तिचा मूळपुरुष म्हणून स्युकुरो मानाबे यांचं नाव घ्यावं लागेल. टोकियोत शिकलेले मानाबे 1958 साली जोसेफ स्मागोरिन्स्की यांच्या बोलावण्यावरून वॉशिंग्टनला आले. 1964 मध्ये रॉबर्ट स्ट्रिकलर यांच्यासोबत त्यांनी हवेच्या एकाच उभ्या स्तंभाचं गणित मांडलं. नुसत्या प्रारणावर हिशेब केला तर जमिनीचं तापमान सुमारे 59 अंश सेल्सिअस निघत होतं. मग त्यांनी एक नियम घातला: दर किलोमीटर उंचीला तापमान 6.5 अंशांहून जास्त घसरलं, की वरच्या-खालच्या थरांची उष्णता त्या मर्यादेपर्यंत वाटून टाकायची, मात्र एकूण ऊर्जा कायम ठेवायची. उत्तर 27 अंशांच्या आसपास आलं. ढगाचा मागमूस नाही, पण त्याचं काम झालं! पुढच्याच वर्षी जागतिक अभिसरणाच्या मॉडेलमध्ये बाष्पही आलं. हवा संपृक्त आणि अस्थिर झाली, की थर सारखे करायचे आणि जादा पाणी तिथल्या तिथे पाऊस म्हणून खाली टाकायचं. याच मार्गाने गेलेल्या मानाबेंना 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

खरा ढग इतका सरळ नसतो. हेन्री स्टोमेल यांनी 1947 मध्येच दाखवलं होतं, की वर चढणारा ढग बाजूची कोरडी हवा आत ओढून घेतो आणि त्यामुळे दुबळा होतो. हर्बर्ट रील आणि जोआन माल्कस यांनी 1958 मध्ये हिशेब मांडला तो वेगळ्याच धाटणीचा. विषुववृत्ताजवळची उष्णता वर न्यायला एका वेळी फक्त 1500 ते 5000 उत्तुंग ढग पुरतात, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या पृथ्वीच्या मानाने ही संख्या अगदीच किरकोळ.

हे दोन्ही धागे अकिओ अराकावा यांनी एकत्र गुंफले. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी विद्यार्थी वेन शुबर्ट यांच्यासह 1974 मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात एका घरात एक ढग नव्हे, तर लहानमोठ्या ढगांचा अख्खा जमाव मानला होता. बाजूची हवा जास्त ओढणारे ढग बुटके, कमी ओढणारे उंच. मग किती ढग उठणार हे ठरवायचं कसं? त्यांचं उत्तर होतं: मोठ्या प्रमाणावरच्या हालचाली हवेत जेवढी अस्थिरता साठवतात, तेवढी ढग जवळजवळ लगेच खर्च करून टाकतात. या घराण्यातली ही सर्वांत देखणी कल्पना म्हणावी लागेल, आणि सर्वांत किचकटही. म्हणूनच पुढे तिच्या सोप्या आवृत्त्या निघाल्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने मान्सूनच्या अंदाजासाठी वापरलेल्या सीएफएसव्ही2 या अमेरिकी मॉडेलमध्ये अशीच एक सुलभ अराकावा-शुबर्ट पद्धत होती.

दोष मात्र जुनेच राहिले. अशा कित्येक मॉडेलांत पाऊस फार वेळा आणि फार हलका पडतो. शिवाय ऊन तापलं की लगेच, भर दुपारीच. वळीव दिवस कलताना येतो हे शेतकऱ्याला ठाऊक असतं, मॉडेलला ते अजून नीट जमलेलं नाही.

घरच लहान केलं तर? जपानी शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये अर्थ सिम्युलेटर या महासंगणकावर 7 किलोमीटरच्या घरांचं जागतिक मॉडेल असल्या युक्तीविनाच चालवून पाहिलं. मे 2025 मध्ये पुण्याच्या संस्थेने विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम 6 किलोमीटरवर सुरू झाली. पण एवढ्या घरात मोठा ढग अर्धामुर्धाच मावतो, छोटा तर मुळीच नाही. आणि दहा दिवसांचा अंदाज वेगळा, शंभर वर्षांचं हवामान वेगळं. इतक्या बारीक घरांनी शतकभराचा हिशेब वारंवार करणं अजून परवडत नाही. त्यामुळे आयपीसीसीच्या 2021 च्या अहवालामागच्या बहुतेक मॉडेलांत ढगांचं काम अजून सूत्रांवरच सोपवलेलं आहे.