सहा मतांनी हरलेली आई: कॅथी सिनॉटची गोष्ट

एपिसोडमधलं बोलणं थोडं साफ करून इथे दिलंय. 'अं…' आणि 'म्हणजे बघ ना' काढलेत, बाकी तसंच आहे.

आजची गोष्ट आयर्लंडची, पण मला ती सापडली घरातल्या एका वाढदिवसामुळे. माझा मावसभाऊ, बौद्धिक अपंगत्व असलेला, विशेष शाळेत जायचा. १८ पूर्ण झाले, केक कापला, आणि पुढच्याच महिन्यात शाळेने मावशीला सांगितलं की आता नाव कमी करावं लागेल. तेव्हा कुठे त्याला स्वतःच्या शर्टाची बटणं लावता यायला लागली होती. मावशी मला म्हणाली, "अगं, त्याचं शिकणं तर आत्ता सुरू झालंय." १८च का, हे शोधायला मी बसले आणि शोधता शोधता थेट कॉर्कला पोचले.

कॉर्क म्हणजे आयर्लंडच्या दक्षिणेचं मोठं शहर. कॅथी सिनॉट त्या भागात राहायच्या. जन्म अमेरिकेतला, शिकागोचा. नऊ मुलांची आई. त्यातला जेमी १९७७ साली जन्मला, आणि त्याला तीव्र ऑटिझम आहे. त्याच्यासाठी या बाईंनी किती दारं ठोठावली असतील याचा हिशोब नाही. जेमी तेवीस वर्षांचा होईपर्यंत सरकारकडून त्याला जे खरंखुरं शिक्षण मिळालं, ते सगळं मिळून जेमतेम दोन वर्षांचं होतं. दोन! मग आईने सरकारलाच कोर्टात खेचलं.

इथे जरा थांबूया, कारण इथे आपला एक धागा आहे. आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं ही कल्पना आयर्लंडच्या १९३७च्या घटनेवरून घेतली, हे नागरिकशास्त्रात आपण घोकलेलं असतं. गंमत पुढेच आहे. मोफत शिक्षण आपण त्या मार्गदर्शक तत्त्वांत टाकलं, म्हणजे कोर्टात जाऊन मागता येणार नाही अशा कप्प्यात. खुद्द आयर्लंडने मात्र ते मूलभूत हक्कांच्या भागात ठेवलं होतं. तिथल्या ४२व्या कलमात मोफत प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी सरळ सरकारवर आहे, आणि त्यात वयाचा आकडाच नाही. १९९३ साली ओ'डोनह्यू खटल्यात तिथल्या हायकोर्टाने असंही सांगितलं होतं की तीव्र अपंगत्व असलेल्या मुलालाही हा हक्क आहे. शिक्षण म्हणजे फक्त पाटी-पुस्तक नव्हे, त्या मुलाच्या अंगात जी काही क्षमता आहे ती फुलवणं म्हणजे शिक्षण. (आपल्या सुप्रीम कोर्टाने उन्नीकृष्णन खटल्यात शिक्षणाचा हक्क मान्य केला तोही १९९३मध्येच. तिथे मात्र वय लिहिलं होतं, १४.)

तर कॅथीबाईंच्या हातात हे कलम होतं. ऑक्टोबर २०००मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती रॉबर्ट बार यांनी निकाल दिला, तो सणसणीत होता. सरकारने जेमीचा हक्क डावलला, आणि हा हक्क वयावर नाही तर गरजेवर अवलंबून आहे. गरज आहे तोवर शिक्षण द्या. जेमीला नुकसानभरपाई, आणि आईलाही, कारण तिने जे सोसलं तेही सरकारमुळेच.

आता सरकारने काय करावं? आयर्लंडची तेव्हा भरभराट चालली होती, तिजोरीत पैसा होता. बर्टी अहर्न यांच्या सरकारने अपील केलं. आणि वर सांगितलं की भरपाईचे पैसे आम्ही देऊच, खटल्याचा खर्चही देऊ, फक्त तो मुद्दा आम्हाला मान्य नाही. म्हणजे पैसे घ्या, पण तत्त्व सोडा. का, तर जेमी एकटा नव्हता. त्याच्यासारखी शेकडो मोठी मुलं आणि त्यांचे आईबाप रांगेत उभे राहिले असते. लोक भडकले. एका अपंग मुलाच्या आईविरुद्ध सरकार वकिलांची फौज घेऊन उभं आहे, हे चित्रच वाईट होतं.

१२ जुलै २००१. सात न्यायमूर्तींचं सुप्रीम कोर्ट. निकाल सरकारच्या बाजूने: प्राथमिक शिक्षण हे मुलांसाठी असतं, आणि १८ वर्षांनंतर माणूस मूल राहत नाही. सातांपैकी एकटे सरन्यायाधीश रोनन कीन वेगळं बोलले. त्यांचं म्हणणं साधं होतं: ज्या माणसाची गरज १८व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी जी होती तीच दुसऱ्या दिवशीही आहे, त्याच्यासाठी ही रेष ओढायला आधार काय?

मी हे वाचत होते तेव्हा मला ती बटणं आठवली. खरं सांगते, बहुमताच्या बाजूलाही एक मुद्दा आहे. पैसा कुठे खर्च करायचा हे निवडून आलेल्यांनी ठरवावं, कोर्टाने नाही, हे लोकशाहीत चुकीचं म्हणता येत नाही. पण मग कोर्टात हरलेल्या आईने जायचं कुठे? कॅथी सिनॉटनी हाच मुद्दा उचलला. निवडून आलेलेच ठरवणार ना? मग मी निवडून येते.

मे २००२, सार्वत्रिक निवडणूक, मतदारसंघ कॉर्क साउथ-सेंट्रल, जागा पाच. याच मतदारसंघात मीहॉल मार्टिन उभे होते, पुढे देशाचे पंतप्रधान झाले तेच. २०००च्या सुरुवातीपर्यंत शिक्षणमंत्रीपद त्यांच्याकडेच होतं. बाई अपक्ष, पाठीशी पक्ष नाही.

तिथली मतमोजणी समजून घ्या. आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत 'दुसऱ्या पसंतीच्या मतांवर विजयी' अशी बातमी येते ना? तीच पद्धत, फक्त तिकडे सामान्य मतदार त्याच पद्धतीने आपले खासदार निवडतो. मतपत्रिकेवर १, २, ३ असे क्रम लिहायचे. एकेक उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे सरकतात. ही पद्धत अपक्षाला जिवंत ठेवते, कारण 'पहिलं मत माझ्या पक्षाला, पण दुसरं त्या आईला' असं करता येतं. शेवटच्या जागेसाठी कॅथी सिनॉट आणि सत्ताधारी फिआना फॉलचे जॉन डेनेही यांच्यात चुरस लागली. फेरमोजणी झाली. बाई हरल्या. सहा मतांनी! आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या निवडणुकीतही याहून जास्त फरक असतो.

दोन वर्षांनी, जून २००४मध्ये, युरोपियन संसदेची निवडणूक आली. दक्षिण आयर्लंडच्या मतदारसंघात तीन जागा होत्या. ब्रायन क्राउली, सायमन कोव्हनी आणि तिसऱ्या कॅथी सिनॉट. घरी बसले ते जेरार्ड कॉलिन्स, माजी परराष्ट्रमंत्री आणि तिथले विद्यमान सदस्य. सरकारशी भांडलेल्या आईने सरकार पक्षाचा एवढा जुना मोहरा पाडला.

ब्रसेल्समधल्या त्यांच्या पाच वर्षांबद्दल मला मिश्र वाटतं, आणि ते लपवायचं कारण नाही. अपंग माणसं आणि त्यांना सांभाळणारी घरची माणसं हा विषय त्यांनी सोडला नाही. पण त्या गर्भपाताच्या कट्टर विरोधक होत्या, आणि ज्या गटात बसल्या त्यात ब्रिटनला युरोपियन युनियनमधून बाहेर काढायला निघालेला पक्षही होता. २००८मध्ये लिस्बन करारावर आयर्लंडमध्ये सार्वमत झालं, तेव्हा त्यांनी विरोधात प्रचार केला आणि त्या वेळी लोकांनी करार फेटाळलाही. मला यातलं बरंच पटत नाही. तरी शिक्षणाच्या हक्कापुरती मी त्यांच्या बाजूला आहे. आपल्याला आवडतील तेवढ्याच भागांचे हिरो कुठून आणायचे?

२००९मध्ये त्यांची जागा गेली. मजूर पक्षाचे अ‍ॅलन केली आणि फिन गेलचे शॉन केली आले.

आणि कायदा? त्यांच्या खटल्यानंतर आयर्लंडमध्ये २००४ साली विशेष गरजा असलेल्यांच्या शिक्षणाचा कायदा झाला, २००५ साली अपंगत्व कायदा. पण पहिल्या कायद्यातली प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखड्याची कलमं वर्षानुवर्षं लागूच केली नाहीत. अपंगांच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर सही २००७ला केली आणि अधिकृत मंजुरी दिली २०१८ला, युरोपियन युनियनमध्ये सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलामुलींना मोफत शिक्षणाचा हक्क आहे, वय ६ ते १८. हो, तोच आकडा.

मावशीने आता घरीच सुरू केलंय. बटणांनंतर बुटाच्या नाड्या चालू आहेत, गाठ अजून जमत नाही. तुमच्या घरात किंवा शेजारी असं कुणी असेल आणि १८ नंतर काय केलंत हे सांगायचं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव घेणार नाही. पुढच्या भागात काही तुमच्याच आवाजात ऐकवेन.