टियरगार्टनमधील फूल

बर्लिन शहरांत जर्मन पार्लमेंटच्या भवनाला लागूनच ‘टियरगार्टन’ नांवाचें विस्तीर्ण सार्वजनिक उद्यान आहे. त्याच्या एका कोपऱ्यांत, वृक्षांच्या आड, काळ्याशार पाण्याचें एक वर्तुळाकार कुंड आहे. त्याचा व्यास १२ मीटर. मध्यभागीं एक त्रिकोणी शिळा व तिच्यावर एक ताजें फूल. ही शिळा रोज पाण्याखालीं जाते आणि नवें फूल घेऊन पुन्हां वर येते. भोंवतालच्या फरशीवरील दगडांवर छळछावण्यांचीं नांवें कोरलीं आहेत. शिल्पकार दानी कारावान यांनीं रचलेलें हें स्मारक, नाझी राजवटींत मारल्या गेलेल्या सिंती व रोमा लोकांचें आहे.

हे लोक कोण? युरोपांत त्यांना ‘जिप्सी’ म्हणत. कारण ते ईजिप्तहून आले अशी समजूत होती. परंतु १७८२ सालीं र्यूडिगर या जर्मन पंडितानें त्यांची भाषा हिंदुस्थानीशीं ताडून पाहिली, आणि त्यांचें मूळ आपल्या देशांत आहे हें दाखवून दिलें. सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं त्यांचे पूर्वज येथून पश्चिमेस गेले. आजहि त्यांच्या रोमानी भाषेंत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’ आणि माणसाला ‘मानुश’ म्हणतात. मराठी घरांतील लहान मुलालाहि या शब्दांचा अर्थ सांगावा लागणार नाहीं.

१९३६ सालीं बर्लिनला ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. त्यापूर्वींच जुलै महिन्यांत पोलिसांनीं शहरांतील शेंकडों रोमा व सिंती लोकांना मार्त्सान येथें, सांडपाण्याच्या शेतांजवळ, नेऊन ठेविलें. त्याच वर्षीं रॉबर्ट रिट्टर याच्या हाताखालीं एक सरकारी संशोधन-कार्यालय निघालें. तेथें या लोकांच्या वंशावळी लिहिल्या जात, डोकीं मोजलीं जात. शास्त्राच्या नांवानें जमविलेले हेच कागद पुढें मृत्यूच्या याद्यांना उपयोगीं पडले. १६ डिसेंबर १९४२ रोजीं हिमलरनें त्यांना ऑश्विट्झला पाठविण्याचा हुकूम काढला. तेथें सुमारें २३,००० जणांना नेण्यांत आलें व त्यांच्या हातांवर ‘झेड्’ अक्षर व क्रमांक गोंदण्यांत आला. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्रीं उरलेल्या सुमारें ४,३०० जणांना, त्यांत बहुतेक स्त्रिया, मुलें व वृद्ध होते, विषारी वायूनें ठार मारिलें. साऱ्या युरोपांत बळी पडलेल्यांची संख्या अडीच ते पांच लाख असावी, असा अंदाज आहे.

युद्ध संपलें, पण अन्याय संपला नाहीं. १९५६ सालीं पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, १९४३ पूर्वींचा छळ वांशिक नसून केवळ पोलिसी बंदोबस्ताचा भाग होता. त्यामुळें अनेकांना नुकसानभरपाईचें दार बंद झालें. १९६३ सालीं तो निर्णय अंशतः फिरविण्यांत आला. हा वंशसंहार होता, ही कबुली चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनीं दिली ती १९८२ सालीं. स्मारक उभारण्याचें ठरलें १९९२ सालीं. परंतु शिलालेखांत कोणता शब्द घालावा, यावरून दीर्घकाळ वाद माजला. मारेकऱ्यांच्या दप्तरांतील ‘त्सिगॉयनर’ हें नांव बळींच्या स्मारकावर यावें काय, हा तो प्रश्न होता. बाहेरून हा वाद शब्दांचा वाटेल. पण ज्यांचें नांवच शिवी झालें होतें, त्यांच्या दृष्टीनें तो मानाचा होता.

अखेर २४ ऑक्टोबर २०१२ रोजीं स्मारकाचें उद्घाटन झालें. त्या दिवशीं झोनी वाइस हे डच सिंती गृहस्थ बोलले. १९४४ सालीं, वयाच्या सातव्या वर्षीं, एका पोलिसाच्या दयेनें ते वांचले होते. आईबाप, दोन बहिणी व भाऊ मात्र परत आले नाहींत.

श्रोतेहो, दगड एकदां रोवला कीं राज्यकर्त्यांना आपलें कर्तव्य संपलेंसें वाटतें. फुलाचें तसें नाहीं. तें कोणीतरी रोज आणून ठेवावें लागतें. ‘मानुश’ हा शब्द ज्यांनीं आपल्याच देशांतून नेला व हजार वर्षें जपला, त्यांना माणूस म्हणून ओळखावयास जगाला इतका विलंब लागला, याचें स्मरणहि तसेंच रोज ताजें ठेवावयास हवें.